विहिरीतला धूर

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सासरचं गाव परभणीहून पेडगावकडं जाताना आडबाजूला. नवरा आणि थोरला दीर सडकेच्या कामावर जात, आणि आम्ही दोघी जावा माळव्याच्या कामाला. मेथी उपटायची, वांगी तोडायची, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि दिवस कलायच्या आत सगळं माळवं ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचं. पहाटे त्याची गाडी परभणीच्या बाजाराला निघायची.

मळा एका तिशीतल्या शेतकऱ्याचा होता. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. त्यांच्या आईला सगळं गाव माय म्हणे, म्हणून आम्हीही माय म्हणायचो. मालकांचे वडील लवकर वारले होते आणि बायको त्या उन्हाळ्यात बाळंतपणाला माहेरी बोरीला गेली होती. मळ्यात एक सालगडी होता, तो दारं धरायचा. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत दिवसभर चिखलात उभा असायचा.

आमची घरं बौद्धांची. आम्ही तोडलेली भाजी चालायची, पण विहिरीच्या काठावर आम्ही जायचं नाही असं होतं. मला कोणी तोंडानं सांगितलेलं आठवत नाही, पहिल्या दिवशी जाऊबाई जिथं थांबली तिथं मी थांबले. तहान लागली की माय बादली ओढून आमच्या घागरीत वरून पाणी ओतायच्या. बोलायला वाईट नव्हत्या. ओतता ओतता घरची ख्यालीखुशाली विचारायच्या.

जाऊबाई माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. तिचे वडील विहिरींचा गाळ काढायच्या टोळीत होते आणि लहानपणी तीही त्या टोळीबरोबर गावोगाव हिंडली होती. तिचा चुलता एका जुन्या विहिरीत उतरला तो वर आला नाही, आणि त्याला काढायला म्हणून तिचा सख्खा भाऊ मागोमाग उतरला तोही आला नाही. हे मला सासूनं सांगितलं. जाऊबाई स्वतः त्यावर बोलत नसे. पण कामाच्या जागी तिची शिस्त भारी होती. विळा खाली ठेवायचा तर टोक मातीत खुपसून. दाट वाफ्यात पाय घालायच्या आधी काठी आपटायची. वांग्यावर औषध मारलं त्या दिवशी ती त्या बाजूला कोणाला फिरकू द्यायची नाही. हंगामाला येणाऱ्या बाकीच्या बाया तिच्या माघारी हसायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही हसायची.

त्या वर्षी चैत्रातच विहिरीचं पाणी खाली गेलं. काठावरच्या इंजनाला ते खेचेना. मग मालकांनी विहिरीच्या आतल्या अंगाला, काठापासून तीन पुरुष खाली, मुरूम फोडून एक टप्पा केला, त्यावर लाकडी फळ्या टाकल्या आणि आठ-दहा माणसं लावून इंजन आणि पंप तिथं उतरवला. तेव्हा पुष्कळ जण असं करत. काठावरून दगड-माती सुटून इंजनावर पडायची, म्हणून त्यांनी विहिरीच्या अर्ध्या तोंडावर पत्रे टाकले. सालगड्याला आणि त्यांना दोघांनाही ही युक्ती फार आवडली होती. इंजन बंद करायच्या खटक्याला मालकांनी एक सुतळी बांधून ती काठावरच्या खुंटीला आणून ठेवली होती. संध्याकाळी वरूनच सुतळी ओढायची, की इंजन बंद. चालू करायला मात्र खाली उतरावं लागे.

आठवड्याभरात मालकांचं डोकं दुखायला लागलं. खालून वर आले की बांधावर बसून राहायचे. उन्हानं असेल म्हणून माय त्यांच्या तळपायाला कांदा चोळायच्या. जाऊबाई हे लांबून बघत होती. एके दिवशी जुड्या गाडीत ठेवता ठेवता ती त्यांना म्हणाली, की धूर वर यायलाच जागा न्हाई, पत्रे काढा आणि इंजन चालू असताना खाली उतरू नका. मालक चिडले नाहीत. हसून म्हणाले की ही काही गाळ काढायची विहीर नाही, इंजन चालू असलं की हवा आपोआप हलते. जाऊबाईनं परत विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून ती वाफ्यात बसताना विहिरीकडं तोंड करून बसायला लागली.

तो दिवस बाजाराच्या आदल्या दिवसाचा. सकाळची न्याहारी झाली होती. आम्ही दोघी मेथीत होतो. पाटातली धार बारीक झाली म्हणून सालगड्यानं हाक मारली, आणि मालक पाना घेऊन विहिरीत उतरले. पंपाच्या गळ्यातून पाणी गळत होतं, तो आवळायचा होता. इंजन त्यांनी बंद केलं नाही. एकदा बंद केलं की पंपात बादल्यांनी पाणी भरत बसावं लागे, त्यात तासभर जाई. हे मला पुढं कळलं. तेव्हा फक्त इंजनाचा आवाज येत होता, रोजच्यासारखा.

आम्ही मेथीचा एक वाफा संपवला. दुसऱ्यात बसलो. जाऊबाईनं मान वर करून गड्याला विचारलं, मालक वर आले का. तो म्हणाला, यायलेत. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मग तो काठावर गेला, वाकून हाका मारल्या, आणि एकाएकी चप्पल काढायला लागला.

जाऊबाई इतकी जोरात पळताना मी तोवर पाहिली नव्हती. जिथं कधी गेलो नव्हतो त्या काठावर ती गेली आणि गड्याचं धोतर मागून धरलं. त्याचा एक पाय आतल्या दगडावर पडला होता. पाठोपाठ मी पोचले. खाली बघितलं तर मालक टप्प्यावर भिंतीला पाठ लावून बसलेले, मान छातीवर. दमून डुलकी लागावी तसे. इंजन चालूच होतं.

गडी सोड म्हणून ओरडत होता. तेवढ्यात माय खोपीतून आल्या. त्यांना काय झालं ते कळलं, आणि जाऊबाईनं गड्याला धरून ठेवलंय हेही दिसलं. त्या तिच्या अंगावर धावून गेल्या. माझ्या लेकाला मारायलीस का, सोड त्याला, असं म्हणत त्यांनी तिच्या पाठीत दोन-तीन बुक्क्या घातल्या. जाऊबाईनं धोतर सोडलं नाही.

"माझा भाऊ असाच उतरला होता," ती गड्याला म्हणाली. "तू गेलास तर दोघं काढावे लागतील. आधी सुतळी वढ."

तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळंच की काय, गडी थांबला. त्यानं पाय वर घेतला, खुंटीपाशी गेला आणि सुतळी ओढली. इंजन दोन-तीन ठोके देऊन बंद पडलं. मग एवढं शांत झालं की विहिरीतलं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं.

पुढचं सगळं जाऊबाई सांगेल तसं झालं. गड्यानं आणि मी पत्रे ओढून बाजूला टाकले. त्यानं कडुनिंबाच्या दोन मोठ्या फांद्या तोडल्या, त्या तिनं दोराला उलट्या बांधल्या आणि आम्ही तिघं त्या विहिरीत वर-खाली, वर-खाली हलवत राहिलो. हवा ढवळून काढायची. मायला तिनं काम दिलं, बादलीनं पाणी घेऊन समोरच्या भिंतीवर जोरानं फेकायचं. माय रडत होत्या, पण फेकत होत्या. खोपीतला कंदील पेटवून तिनं दोरीनं खाली सोडला. टप्प्यापर्यंत गेला तरी ज्योत राहिली. तिनं तो तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मला वाटलं आता ती उगीच वेळ घालवतेय. तोवर मालकांची मान जराही हलली नव्हती.

आता उतरायचं कोणी हा प्रश्न होता. बेशुद्ध माणूस तीन पुरुष वर ओढायचा तर वर ताकद पाहिजे. रस्त्यानं एक गाडीवान चालला होता, त्याला गड्यानं हाक मारून आणलं. ते दोघं वर लागणार. उतरणाऱ्याचा दोर जाऊबाईच्याच हातात पाहिजे होता. राहिले मी, आणि सगळ्यांत हलकीही मीच होते.

मी मायकडं बघितलं. त्याही माझ्याकडंच बघत होत्या, हातात बादली तशीच. त्यांच्या तोंडावरून मला काही कळेना. मग त्या म्हणाल्या,

"उतर, बाई."

जाऊबाईनं माझा काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला आणि गाडीचं चऱ्हाट माझ्या काखेखालून बांधून गाठ पुढं छातीवर घेतली. दुसरं टोक तिनं निंबाच्या बुंध्याला एक वेढा देऊन स्वतःच्या हातात धरलं. मालकांसाठी मोट बंद झाल्यापासून खोपीत पडून असलेला मोटेचा जाड नाडा दिला. तो कसा बांधायचा ते माझ्याच अंगावर करून दाखवलं. मग म्हणाली, "खाली गप बसायचं न्हाई. मी इचारीन ते बोलत ऱ्हायचं. बोलणं थांबलं की मी वढणार."

विहिरीच्या आतल्या अंगाला पाय ठेवायला दगड काढलेले होते. वरचे दगड तापलेले होते, खालचे थंड. डिझेलचा वास नाकात बसला. वरून जाऊबाईचं चालू होतं, आज काय काय तोडलं ते सांग. मी सांगत होते. मेथी. वांगी. किती पाट्या वांगी, तर चार.

टप्प्यावर पोचले तेव्हा पहिली गोष्ट मी पाहिली ती मालकांच्या हातातला पाना. मुठीत तसाच होता. तोंड लाल दिसत होतं, उन्हात काम करून आल्यासारखं, आणि त्यामुळं मला वाटलं की ते ठीकच असतील. नाकापाशी हात धरला तर श्वास लागत होता, बारीक. मी नाडा त्यांच्या पाठीमागून सारायला लागले. त्यांचं अंग जड होतं आणि भिंतीला चिकटून होतं. ओढताना त्यांचे ओठ हलले. काहीतरी बोलले. मी कान नेला, तर म्हणाले, पाणी आलं का.

"कोथिंबीर किती झाली?" वरून जाऊबाईनं विचारलं.

मला कोथिंबीर आठवेना. सकाळी मीच बांधलेल्या जुड्या, पण तो शब्द कशाला म्हणतात हेच सुचेना. डोक्यात दोन्ही बाजूंनी ठोके पडायला लागले होते. चऱ्हाटाला हिसका बसला. मी ओरडले, झालीच, एक गाठ राहिली. गाठ मारली आणि नाडा दोनदा ओढला. मालक माझ्या समोरून वर गेले, त्यांचा पाय माझ्या खांद्याला घासला. त्यानंतर माझं चऱ्हाट ताणलं गेलं. दगडावर पाय ठेवत मी वर आले की नुसती ओढली गेले, ते मला सांगता येणार नाही.

मालकांना त्याच गाडीवानाच्या गाडीत घालून सडकेपर्यंत नेलं आणि तिथून ट्रकनं परभणीच्या दवाखान्यात. माय आणि गडी बरोबर गेले. मळ्यात आम्ही दोघीच राहिलो. मला दोनदा ओकारी झाली. जाऊबाईनं मला वाऱ्याच्या तोंडाला निंबाखाली निजवलं आणि झोपू दिलं नाही. डोळा लागतोय असं दिसलं की गालावर चापटी मारायची. मलाही दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, हे त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा.

कितीतरी वर्षांनी माझा मुलगा कारखान्यातलं काम शिकून आला, त्यानं सांगितलं की इंजनाच्या धुरातलं विष कंदिलाला कळत नाही, ज्योत चांगली जळत असते आणि माणूस पडतो. मी ते जाऊबाईला सांगितलं. तेव्हा ती म्हातारी झाली होती. मग म्हणाली, मग आपण वाचलो ते फांद्या हलवल्या म्हणून, आणि इंजन आधी बंद केलं म्हणून. कंदिलावर इसंबून मी तुला उगीच सोडलं खाली.

मालक दहा दिवसांनी मळ्यात आले. बारीक झाले होते. इंजनाला त्यांनी लांब लोखंडी नळी बसवून घेतली, धूर काठाच्या वर डोकंभर उंचीवर निघायचा. पत्रे परत टाकले नाहीत. इंजन चालू असताना कोणी उतरायचं नाही, आणि बंद असतानाही एकट्यानं उतरायचं नाही, हे त्यांनी गड्याला जाऊबाईच्या समोर सांगितलं. पण त्यांचं ध्यान पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. एकाच वाफ्याला दोनदा पाणी सोडायचे. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग ते आमच्या हातातल्या भाजीकडं बोट करायचे.

आणि तो दिवस त्यांना अजिबात आठवत नव्हता. गावात गोष्ट अशी पसरली होती की गड्यानं मालकाला विहिरीतून काढलं. मायनी तसं सांगितलं होतं, की विचारणाऱ्यांनी तसं समजून घेतलं, मला माहीत नाही. गड्यानंही ते खोडून काढलं नाही. माझा नवरा चिडला, त्या मळ्यात जाऊ नको म्हणाला. मला राग नव्हता आला, पण दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून माय पूर्वीसारख्याच वरून पाणी ओतायला लागल्या, तेव्हा घागर धरताना मला त्यांच्याकडं बघवत नसे. त्याही माझ्याकडं बघत नसत.

आषाढात, वांग्याचा नवा लाग सुरू झाला होता, तेव्हा मालक माझ्या सरीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी गड्याला विचारलं होतं म्हणे, की मी खाली कसा बसलो होतो. वरून दिसलं त्यापलीकडं त्याला काही सांगता येईना. दोन-तीनदा विचारल्यावर त्यानं खरं काय ते सांगून टाकलं.

"खाली तुमी आल्ता," ते म्हणाले. मला त्यांनी कधी तुमी म्हटलं नव्हतं.

मी हो म्हणाले.

"मी कसा होतो?"

मी सांगितलं. भिंतीला टेकून, पाना हातात, तोंड लाल. नाडा कसा घातला ते सांगितलं. त्यांनी मधेमधे आणखी विचारलं, पाय कुठं होते, डोळे उघडे होते का. आपल्याच घरातलं हरवलेलं काही शोधावं तसं ते विचारत होते. काही बोललो का, असंही विचारलं. पाणी आलं का एवढंच बोललात, असं मी म्हणाले. त्यावर ते थोडे हसले.

मग म्हणाले, "मायला म्हाईत हाय हे?"

"त्याच म्हणल्या, उतर."

ते तसेच खोपीकडं गेले. तिथं मायलेकांत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, आवाजही चढलेला ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घागर घेऊन गेलो, तर बादली आणि दोर काठावर ठेवलेला होता आणि माय खोपीत दळत बसल्या होत्या. मी थोडा वेळ थांबले. कोणी आलं नाही. मग मी काठावर जाऊन बादली सोडली. ओढताना तोंड बाजूला वळवलं, खाली बघावं लागू नये म्हणून. विहिरीत वाकून बघायचं भय मला पुढं कायम राहिलं.

जाऊबाईनं ते पाणी घेतलं नाही. ती त्या दिवसापासून घरून तांब्या भरून आणायला लागली. मी विचारलं, आता का नको. ती म्हणाली, त्या बाईनं माझ्या पाठीत मारलं त्याचं मला काही न्हाई, लेकरासाठी कोणीही मारील. पण इतकी वर्षं ती आपल्याला वरून ओतत आली, ते मी कसं विसरू. तू पी. तू तरणी हायस.

आम्ही आणखी तीन वर्षं त्या मळ्यात होतो. आजूबाजूचे चार-दोन शेतकरी इंजनाची नळी बघायला येऊन गेले. एकानं तशीच बसवली, बाकीच्यांनी बघू म्हटलं. माय पुढं आजारी पडल्या तेव्हा मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ घटकाभर बसत असे. विहिरीचा विषय आमच्यात निघाला नाही. एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला, पण तेव्हा त्यांना ताप होता.

मालक मात्र मला विचारायला यायचे. गड्याला नाही, मला.

"कोथिंबिरीला पाणी झालं का?"

"झालं. सकाळीच झालं."

बरं म्हणायचे आणि भेंडीकडं वळायचे. थोडं पुढं जाऊन थांबायचे, मागं बघायचे, आणि मी मान हलवली की पाटाचं दार तिकडं फोडायचे.